वर्न हौतालाच्या बंदुकीचा चाप

वर्न हौताला हा माझ्या थोरल्या बहिणीचा, आयलीचा, नवरा आणि मी गावातला एकमेव न्हावी. तरी एकतीस वर्षांत त्याच्या डोक्याला माझी कात्री म्हणून लागली नाही. केस तो स्वतः कापायचा. दोन आरसे समोरासमोर लावायचे, बायकोची शिवणाची कात्री घ्यायची आणि अंदाजपंचे सुरू करायचं. मागून आपलं डोकं कसं दिसतं ते त्याला कधी दिसलं नाही. ते भोग आमच्या वाट्याला. चर्चमध्ये मी नेमका त्याच्या मागच्या बाकावर असायचो, त्यामुळे पास्टरचं प्रवचन संपेपर्यंत ते बघत बसणं ही माझी दर रविवारची शिक्षा होती.

माणूस चिक्कू होता असं कुणी समजू नका. गावात कुणाचं छप्पर गळलं की शिडी घेऊन हाच पहिला हजर. दुसऱ्याचं काम करायला त्याला रात्र-दिवस नव्हता, पण स्वतःचं काम दुसऱ्यानं केलं की त्याच्या पोटात दुखायचं. घर त्यानं स्वतः बांधलं, सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, स्वतः बांधली. दाढसुद्धा स्वतःच उपटली, गॅरेजमधल्या पकडीनं. निम्मी दाढ आतच राहिली, गाल भोपळ्याएवढा सुजला, आणि आठ दिवसांनी तोंड उघडता आल्यावर त्यानं पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, की दाढच मुळात कमअस्सल होती.

तीस वर्षं तो काउंटीचे बर्फ काढायचे ट्रक दुरुस्त करत होता. आमच्या भागात, वरच्या मिशिगनमध्ये, त्या ट्रकवर गावाचा जीव असतो, त्यामुळे वर्नचा शब्द यंत्राच्या बाबतीत कुणी खाली पडू देत नसे. एकाच माणसानं तो पाडला, तो म्हणजे लुसियन शारेट, आमचा फ्रेंच वंशाचा बंदूकमिस्त्री. झालं असं, की आयलीचं शिवणयंत्र बंद पडलं. वर्ननं ते तीन वेळा खोललं, तीन वेळा जोडलं आणि दर खेपेला दोन-चार भाग उरले. वर्न कामावर गेलेला बघून आयली ते मशीन आणि उरलेले भाग टोपलीत घालून लुसियनकडे घेऊन गेली. त्यानं तासाभरात चालू करून दिलं. ते अजून चालू आहे, आणि वर्न लुसियनशी अकरा वर्षं बोलला नव्हता. मशीन परत बिघडलं असतं तर त्यानं कदाचित माफ केलं असतं.

आता कँपचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. माझ्या बाबांनी जंगलात एक लाकडी खोपी बांधली होती. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिथं जातो आणि आठवडाभर राहतो. बाबांनी एका फळीवर कँपचे नियम लिहून ठेवलेत. जो नेम धरून गोळी झाडतो आणि हरणाला चुकतो, त्याच्या शर्टाची मागची शेपटी कापायची, तिच्यावर नाव आणि साल घालायचं आणि ती भिंतीवर खिळ्यानं ठोकायची. हे सगळ्याच कँपांत आहे. पण बाबांचा पुढचा नियम खास त्यांचा: लागोपाठ पाच वर्षं पाच शेपट्या झाल्या की सहाव्या वर्षापासून त्या माणसानं बंदूक खुंटीला टांगायची आणि कमरेला ॲप्रन बांधायचा. तो कायमचा आचारी. जंगलात जायचं नाही, चूल सांभाळायची.

त्याखाली आणखी एक नियम आहे. मालकाव्यतिरिक्त दुसऱ्या मिस्त्रीनं बंदुकीत दोष आहे असं लिहून दिलं, तर त्या बंदुकीच्या सगळ्या शेपट्या खाली उतरवायच्या. हा नियम बाबांनी घातला त्या वर्षी त्यांच्याच स्वतःच्या चार शेपट्या भिंतीवर झाल्या होत्या. योगायोग म्हणायचा आणि पुढे जायचं.

वर्नच्या पाच झाल्या होत्या. पहिल्या वर्षी ऊन डोळ्यांवर आलं. दुसऱ्या वर्षी वारा फिरला. तिसऱ्या वर्षी काडतुसं जुनी निघाली. चौथ्या वर्षी आमच्याच कँपातला क्लिफ ट्रेगीअर खोकला, जो पाव मैल लांब होता. पाचव्या वर्षी, हरीण साठ पावलांवर आडवं उभं असताना गोळी झाडाला लागली, तेव्हा वर्न काही बोललाच नाही. मुकाट्यानं वळून उभा राहिला आणि मला शर्ट कापू दिला. त्यात आमचा आचारी, म्हातारा ओनी, त्या वसंतात डुलुथला मुलीकडे राहायला गेला. म्हणजे ॲप्रन रिकामाच होता. क्लिफ आणि त्याचा भाऊ वेस्ली यांनी तर वर्नला काय काय बनवता येतं याची चौकशीसुद्धा सुरू केली होती.

मी पण काही कमी नव्हतो. दुकानात गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मी वर्नच्या शेपट्यांचं एक रजईचं कापड कसं होईल ते सांगायचो. लोक हसायचे, मीही हसायचो. आणि हेही मला पक्कं माहीत होतं की या माणसाला जंगलातून काढलं तर त्याच्याकडे काही उरणार नाही. नोकरीतून तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. घरात दुरुस्त करायला काही शिल्लक नव्हतं. वर्षभर तो त्या एका आठवड्याची वाट बघायचा. त्याच्या ठरलेल्या झाडाखाली, ठरलेल्या ओंडक्यावर, बर्फात एकटं बसायचं, एवढंच त्याला हवं असायचं.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी आयलीच्या स्वयंपाकघरात कॉफी घेताना त्यानं जाहीर केलं, "चाप जड आहे."

"कशाचा?" मी विचारलं.

"बंदुकीचा, आणखी कशाचा. ओढता ओढता नळी हलते. पाच वर्षं मी उगाच स्वतःला दोष देत बसलो."

त्यानं स्वतःला दोष दिलेला मी बापजन्मात ऐकला नव्हता, पण ते मी गिळलं. कारण खरं सांगायचं तर मला आनंद झाला. चाप जड असेल तर वाट मोकळी होती. बंदूक लुसियनकडे न्यायची, त्याच्याकडून तसं लिहून घ्यायचं, पाचही शेपट्या खाली. मी त्याला हे फोडून सांगितलं. म्हटलं, आधी दाखव, चिठ्ठी घे, मग घरी आणून चापाचं काय लोणचं घालायचं ते घाल.

"चार स्क्रू फिरवायला मी त्या फ्रेंचाचे पाय धरू?" वर्न म्हणाला. "बर्फाच्या वादळात, भर रस्त्यात, ट्रकखाली उताणा पडून गिअर बदललेत मी. आणि त्याच्यापुढे जाऊन म्हणू, बाबा रे, माझा चाप मला जमत नाही?"

"त्या फ्रेंचानं लावलेलं मशीन अकरा वर्षं चाललंय," आयली भांडी घासता घासता म्हणाली.

बोलणं खरं होतं आणि वेळ चुकीची होती. वर्ननं कप खाली ठेवला तो टेबलावर कॉफी सांडत. मी फडक्यानं टेबल पुसलं आणि म्हणालो, "कपसुद्धा जड झाला का रे?" आयली हसली नाही. तेव्हा मला वाटलं, नवऱ्याची चेष्टा केलेली तिला आवडली नाही.

पुढचे तीन दिवस तो गॅरेजमध्ये होता. कुठल्याशा जुन्या मासिकातलं कात्रण त्याच्याकडे होतं, घड्याळवाल्याचे स्क्रूड्रायव्हर होते आणि आत्मविश्वास तर काय, पोत्यानं होता. चौथ्या दिवशी मला फोन आला, की ये, बघून जा. गेलो तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बंदूक शिकंज्यात धरलेली, आणि चापाला दोरीनं दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन लटकवलेला. वर्न त्यात मापानं पाणी ओतत होता. थोडं पाणी गेलं न गेलं तोच टक् आवाज झाला. बंदूक अर्थातच रिकामी होती. वर्ननं कॅन आयलीच्या वजनकाट्यावर ठेवला. दीड पौंड.

"बघ," तो म्हणाला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता.

"आणि आधी किती होता?"

"जड होता."

"अरे पण किती?"

"मोजायला कशाला पाहिजे? बोटाला कळतं की."

मी कपाळाला हात लावला. "शहाण्या, रोग तू बरा केलास. पण तू आजारी होतास याचा दाखला आता कोण देणार?"

"मी सांगतो ना. माझ्या शब्दावर गाव ट्रक चालवत होतं."

"फळीवर मालकाव्यतिरिक्त असं लिहिलंय. बाबांनी तो शब्द तुझ्यासारख्यांसाठीच घातलाय."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. यंत्र सुधारलं की प्रश्न सुटला, अशी त्याची जन्मभराची समजूत. पुरावा शिल्लक ठेवायला यंत्र नादुरुस्त ठेवायचं असतं, हे त्याला कोण सांगणार? त्यानं शिकंजा काढून, चाप परत चढवून, बंदूक टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाला की बघू, क्लिफ आणि वेस्ली काही एवढे हलकट नाहीत.

तेवढ्यात आयलीनं पास्ट्यांचा, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांचा, ट्रे ओव्हनमध्ये सरकवला आणि हात भरलेले म्हणून ओव्हनचं दार गुडघ्यानं ढकललं. ती नेहमीच तसं करते. दार धाडकन लागलं आणि टेबलावर बंदुकीतून टक् असा आवाज आला.

बंदुकीला कुणीही हात लावलेला नव्हता. आयलीनं वर्नला सांगितलं, परत चढव. त्यानं चढवली. तिनं ओव्हनचं दार उघडून पुन्हा ढकललं. पुन्हा टक्.

आयलीनं ॲप्रनला हात पुसले. "माझा भाऊ तुझ्यापासून दोनशे पावलांवर बसतो," ती वर्नला म्हणाली. "उद्या सकाळी लुसियनकडे. नाहीतर ही बंदूक तळ्यात जाईल, आणि बर्फ धरला नसेल तर तिच्या मागोमाग तू."

आवाज चढवला नव्हता तिनं. माझी बहीण आवाज चढवते तेव्हा घाबरायचं नसतं. मी मात्र त्या दोनशे पावलांचा हिशोब मनातल्या मनात करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच वर्नला गाडीत घालून नेलं. लुसियनचं दुकान म्हणजे त्याच्या घरामागची एक शेड, मधोमध शेगडी, भिंतीवर अवजारं. हा माणूस बुटका आणि अबोल. त्याची एक पद्धत होती. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक बंदुकीला तो एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचा आणि तिच्यावर काय बिघडलं होतं ते लिहून खाली सही करायचा. कुणाचीही भीडभाड नाही. आमच्या पास्टरच्या बंदुकीवर त्यानं एकदा लिहिलं होतं, 'गंज. कारण आळस.' पास्टर पुढचे दोन रविवार आळसावरच बोलला. लुसियनच्या चिठ्ठीवर आमच्याकडे लोक शपथेपेक्षा जास्त विश्वास ठेवतात.

वर्न आत आला आणि छताकडे बघत मला म्हणाला, "विचार त्याला, वेळ आहे का."

लुसियननं मला सांगितलं, "त्याला सांग, आहे."

असे ते दोघं वीत-वीतभर अंतरावर उभे राहून माझ्यामार्फत बोलत होते. साठीच्या पुढचे दोन बाप्ये, आणि मधे मी पोस्टमन. लुसियननं बंदूक खोलली, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"त्याला सांग," तो म्हणाला, "कारखान्यात स्क्रू बसवले की त्यांच्यावर लाखेचा ठिपका देतात. यानं तो फोडलाय. पण निम्मा ठिपका स्क्रूवर आहे, निम्मा बाजूला आहे. दोन्ही जुळवले की मूळ जागा कळते."

माझ्या जिवात जीव आला. म्हणजे साक्षीदार मेला नव्हता. मी वर्नला कोपरानं ढोसलं. लुसियननं स्क्रू परत त्या जागी आणले, चाप जोडला आणि त्याच्या आकडा लावलेल्या वजनकाट्यानं तीनदा ओढून बघितला. मग काट्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. साडेतीन पौंड. तीनही वेळा साडेतीन.

"जड नाही," लुसियन म्हणाला. "माझ्या स्वतःच्या बंदुकीचा चार आहे."

साक्षीदार जिवंत होता खरा, पण उलट बाजूनं बोलला.

"तुझा काटा चुकीचा आहे," वर्न म्हणाला. अकरा वर्षांनी तो लुसियनशी थेट बोलला ते हे. लुसियन रागावला नाही. त्यानं कपाटातून वजनं काढली, चापाला एकेक करून लटकवली. साडेतीनलाच सुटला. मग त्यानं रिकामी बंदूक वर्नच्या हातात दिली. भिंतीवर दूधवाल्या डेअरीचं कॅलेंडर होतं, त्याच्यावर गाय होती. म्हणाला, "गाईच्या डोळ्यावर नेम धर."

वर्ननं बंदूक खांद्याला लावली. मी त्याच्या मागे उभा होतो, त्यामुळे नळीचं टोक मला नीट दिसत होतं. ते गाईच्या डोळ्यावर थांबेना. शिंगावर जाई, तिथून पाठीवर उतरे, परत डोळ्याकडे यायचा प्रयत्न करी आणि शेपटाकडे निघून जाई. वर्ननं श्वास धरला, कोपर बरगडीला दाबलं, पाय फाकवले. नळी हिंडतच राहिली.

चाळीस वर्षं मी वस्तरा चालवतोय. हात बघून माझं पोट भरतं. हात कसा पकडतो, कधी दमतो, केव्हा सुट्टी मागतो, हे मला झोपेतही कळायला हवं. माझ्यासमोर त्याची मान होती आणि मानेवर त्यानं स्वतः कापलेले केस, पायऱ्या पायऱ्यांचे, एका ठिकाणी कातडीपर्यंत गेलेले. पूर्वी ते वाकडे असत. गेल्या पाच वर्षांत ते फाटल्यासारखे दिसू लागले होते. दर रविवारी मी ते बघत होतो आणि सोमवारी दुकानात त्याच्यावर विनोद करत होतो. मला स्वतःची लाज वाटली. अजून वाटते.

"शेडमध्ये थंडी आहे," वर्न म्हणाला.

शेगडी लाल झाली होती. लुसियनच्या कपाळावर घाम होता. लुसियननं हळूच बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली. "सकाळी जास्त होतं की संध्याकाळी?" त्यानं विचारलं.

वर्ननं कॅलेंडरकडे बघितलं. "सकाळी," तो शेवटी म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "आयलीला माहीत नाही."

आयलीला सगळं माहीत होतं. म्हणूनच ती त्याचा कप हल्ली अर्धाच भरायची. पण हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं.

लुसियननं चिठ्ठी घेतली, पेन उघडलं आणि तो थांबला. फळीवरचा नियम गावात सगळ्यांना माहीत आहे, त्यालाही होता. त्या चिठ्ठीवर काय लिहिलं की वर्न कुठं बसणार, जंगलात की चुलीपुढे, हे त्याला कळत होतं. जन्मात ज्यानं खोटी चिठ्ठी लिहिली नाही तो माणूस पाच मिनिटं कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघत बसला. मग त्यानं तळाशी सही केली, वरची जागा तशीच कोरी ठेवली आणि चिठ्ठी चापाच्या कडीला बांधून टाकली.

"वरचं तू लिही," तो वर्नला म्हणाला. "स्वतःचं काम स्वतः करायची सवय आहे तुला."

टोमणा होता की माया होती, देव जाणे. लुसियनच्या तोंडावरून काही कळत नाही.

परतताना गाडीत मी वर्नला म्हणालो, काहीही लिही. वाचणारा मीच आहे. तो म्हणाला, रस्त्याकडे बघ. पुढचे तीन आठवडे तो त्या विषयावर एक अवाक्षर बोलला नाही. मी मात्र स्वस्थ बसलो नाही. क्लिफ आणि वेस्लीला दुकानात बोलावलं, दाराला कडी घातली आणि सगळं सांगितलं. चिठ्ठीवर लुसियनची सही आहे ना, मग वर काय आहे ते आम्ही विचारणार नाही, असं क्लिफ म्हणाला. आणि स्वयंपाक तो स्वतः करील म्हणाला. क्लिफला अंडं उकडता येत नाही, पण त्या क्षणी मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

चौदा तारखेला दुपारी आम्ही चौघं कँपवर पोचलो. आमची रीत अशी, की सामान उघडण्याआधी फळीपुढे उभं राहून हिशोब मिटवायचे. चुलीजवळ खिळ्याला ओनीचा ॲप्रन टांगलेला होता. क्लिफच्या बायकोनं तो धुऊन इस्त्री करून पाठवला होता, नव्या आचाऱ्यासाठी म्हणून, आणि क्लिफला आता त्याच्याकडे बघवत नव्हतं. बाबांच्या मागे कँपचा प्रमुख मीच. वर्ननं बंदूक पुढे केली. मी कडीची चिठ्ठी सोडली आणि खिडकीपाशी गेलो.

अक्षरं उताराला लागलेल्या मुंग्यांसारखी खाली घसरत गेली होती. एकेक अक्षर दोन-दोनदा गिरवलेलं. लिहिलं होतं, 'चापात दोष नाही. हातात आहे.' आणि खाली लुसियनची सही, सरळ रेषेत.

मी घसा साफ केला. "चाप सदोष होता," मी मोठ्यानं वाचलं. "दुरुस्त केला. सही, लुसियन शारेट."

क्लिफ स्टुलावर चढलासुद्धा. हातोडीच्या उलट्या बाजूनं त्यानं पहिल्या शेपटीचा खिळा उचकटायला घेतला. वेस्ली म्हणाला, मी तर आधीपासून म्हणत होतो की चापच असणार. तो असं कधीच म्हणाला नव्हता.

"एल्डन," वर्न मला म्हणाला.

"काय?"

"ते मी लिहिलंय. काय लिहिलंय ते मला माहीत आहे."

मी म्हणालो, माझा चष्मा घरी राहिला. तो म्हणाला, तुझ्या वरच्या खिशात आहे. मी चष्मा लावला. लावल्यावर तर काहीच दिसेना, काचांच्या आत पाणी होतं. तरी वाचलं, जसं लिहिलं होतं तसं, दोन्ही वाक्यं. क्लिफ हातोडी घेऊन स्टुलावर तसाच उभा होता, उतरावं की नाही ते त्याला समजत नव्हतं. वेस्ली बुटांकडे बघत होता.

"खिळा परत ठोक," वर्न त्याला म्हणाला. "वाकडा करू नकोस."

मग त्यानं बंदूक खुंटीवर टांगली. ॲप्रन काढून डोक्यातून घातला, नाड्या मागे नेल्या आणि गाठ मारायला लागला. पहिल्यांदा जमली नाही. दुसऱ्यांदाही नाही. आम्ही तिघं धट्टेकट्टे पुरुष हात लांब ठेवून उभे होतो, कारण त्याच्या कामाला हात लावायची एकतीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती. शेवटी त्यानं नाड्या पुढे आणल्या आणि पोटावर कशीबशी गाठ मारली.

बटाट्यांची पिशवी घेऊन तो टेबलाशी बसला. सुरी घेतली. पहिल्या बटाट्याची साल निघाली तिच्याबरोबर निम्मा बटाटाही निघाला. दुसऱ्याला सुरी घसरली आणि त्याच्या अंगठ्याच्या शेजारून, केसाएवढं अंतर ठेवून, टेबलात रुतली. त्यानं ती उपसली आणि तिसरा बटाटा घेतला.

मी त्याच्या समोर जाऊन बसलो आणि हात पुढे केला. शिव्या खायची माझी तयारी होती. वर्ननं माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. सुरी त्यानं मुठीकडून फिरवली आणि माझ्या तळव्यावर ठेवली.

"जाड सोलू नकोस," तो म्हणाला. "चौघांना पुरायला पाहिजेत."